नगरपालिकेपासून विधानसौधापर्यंत : केंगल हनुमंतय्या यांचे जीवन

वाचकहो, बंगळूर शहरात जाण्याचा योग आला, तर कब्बन बागेच्या कडेला असलेल्या आंबेडकर वीथीवर काही क्षण अवश्य थांबा. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दोन भव्य इमारती एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक लाल रंगाची, पाश्चात्त्य धर्तीच्या खांबांची व लांबट सज्जांची. तिचे जुने नाव 'अठरा कचेरी'. मराठी माणसाच्या कानाला हे नाव परके वाटत नाही. सरकारची अठरा खाती एका छपराखाली यावीत म्हणून इंग्रज आयुक्तांच्या अमदानीत, १८६८ साली, ती पुरी झाली, आणि आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. तिच्या समोरची दुसरी इमारत करड्या ग्रॅनाइटची, घुमटांची आणि कोरीव कमानींची. तिचे नाव विधानसौध. तिच्या दर्शनी भागावर कन्नड भाषेत एक छोटे वाक्य कोरलेले आहे. सरकारचे काम हे देवाचे काम, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य वाचून कोणी भक्तिभावाने मान लववतो, तर कचेरीत हेलपाटे घालून थकलेला एखादा किंचित हसतो. परंतु ज्या गृहस्थाच्या आग्रहाने ही वास्तू आजच्या रूपात उभी राहिली, त्याचे चरित्र पाहिले म्हणजे हे वाक्य केवळ शोभेसाठी कोरलेले नाही, अशी खात्री पटू लागते. तो गृहस्थ मूळचा वकील. वकिलीतून तो शहराच्या नगरपालिकेत आला, नगरपालिकेतून तुरुंगात गेला, तुरुंगातून राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर चढला, आणि आपल्याच माणसांना न आवडणारी एक भूमिका घेतल्यानंतर त्या पदावरून खाली उतरला. केंगल हनुमंतय्या हे त्याचे नाव. त्यांनी कायद्याची पदवी घेतली ती आपल्या पुण्यात, हे मात्र महाराष्ट्रातील फार थोड्यांना ठाऊक असेल.

लाल पाषाणाच्या मारुतीचे नाव

हनुमंतय्या यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९०८ रोजी रामनगरजवळील लक्कप्पनहळ्ळी या खेड्यात एका शेतकरी वक्कलिग कुटुंबात झाला. बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पन्नास किलोमीटरांवर रामनगर लागते. इंग्रजी अमलात त्यास क्लोजपेट म्हणत. येथून पुढे लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चन्नपट्टणकडे जाताना वाटेत मारुतीचे एक जुने देवस्थान आहे. मूर्ती तांबूस पाषाणाची, म्हणून त्या स्थानास 'केंगल', म्हणजे लाल दगड, असे म्हणतात. मारुतीचेच नाव धारण करणाऱ्या या मुलाने पुढे गावच्या या देवाचे नावही आपल्या नावामागे जोडून घेतले. राजकारणात कितीही उंचीवर गेले तरी ते 'केंगल' याच नावाने ओळखले गेले.

म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून १९३० मध्ये ते पदवीधर झाले. म्हैसूर संस्थानातील तरुण त्या काळी कायदा शिकण्यासाठी पुण्यास येत असत. इंडियन लॉ सोसायटीने १९२४ साली स्थापन केलेले पुण्याचे विधी महाविद्यालय तेव्हा अगदी नवे होते. जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य. चित्रदुर्गकडील एस. निजलिंगप्पा यांनी याच महाविद्यालयातून १९२६ मध्ये पदवी घेतली होती. हनुमंतय्या यांनी ती १९३२ मध्ये घेतली. या दोघांच्या वाटा पुढे एका निर्णायक वळणावर पुन्हा भेटणार होत्या.

हनुमंतय्या पुण्यात शिकत होते तो काळ कसा होता, हे आपणांस सांगावयास नको. सविनय कायदेभंगाची चळवळ पेटलेली होती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, सुटले, आणि १९३२ च्या जानेवारीत पुन्हा तेथेच आले. कायद्याचा अभ्यास आणि कायद्याचा भंग या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वेळी चालल्या होत्या. अशा वातावरणात शिकलेल्या तरुणाला कायदा म्हणजे केवळ पोट भरण्याचे साधन वाटणे कठीणच होते.

वकिली आणि संस्थानी राजकारण

१९३३ मध्ये हनुमंतय्या यांनी बंगळूरला वकिली सुरू केली. संस्थानाचे उच्च न्यायालय तेव्हाही त्या लाल अठरा कचेरीतच भरत असे.

येथे संस्थानची राज्यव्यवस्था थोडी समजून घेणे आवश्यक आहे. म्हैसूर हे त्या काळचे एक पुढारलेले संस्थान गणले जाई. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ साली तेथे प्रतिनिधी सभा स्थापन केली, तेव्हा १४४ सभासद दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला जमले होते. १९०७ मध्ये विधान परिषदही आली. वीज, कारखाने, कालवे, शाळा यांत संस्थानाने लौकिक मिळवला. तथापि या सर्व सुधारणा वरून खाली येत असत. प्रजेने गाऱ्हाणे मांडावे, सरकारने ते ऐकावे, आणि निर्णय मात्र दिवाणांनी घ्यावा, असा तो प्रकार होता. दिवाण प्रजेस जबाबदार नव्हता. वकील मंडळींना हे अधिक बोचे, कारण उत्तरदायित्वाची कल्पना हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. के. टी. भाष्यम, के. चेंगलराय रेड्डी, एच. सी. दासप्पा, निजलिंगप्पा ही त्या पिढीतील अग्रगण्य माणसे सारी वकील होती, हा योगायोग नव्हे.

१९३७ च्या ऑक्टोबरात मुंबईचे पुढारी व नामांकित वकील खुर्शेद नरिमन बंगळूरला भाषणासाठी आले असता त्यांना अटक झाली. त्यावरून शहरात लोकक्षोभ उसळून गोळीबार झाला. पुढल्या वर्षी, ११ एप्रिल १९३८ रोजी, मद्दूरजवळील शिवपूर येथे मनाई हुकूम मोडून तिरंगी ध्वज उभारण्यात आला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस विदुराश्वत्थ या गावी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि अनेकांचा बळी गेला. अखेर सरदार पटेल व आचार्य कृपलानी यांना म्हैसूरला जाऊन समझोता घडवून आणावा लागला. हनुमंतय्या यांची वकिली या धामधुमीत रुजत होती, आणि रुजता रुजताच मागे पडत होती. काँग्रेसच्या कार्यात त्यांनी स्वतःस झोकून दिले, आणि पुढील वर्षांत त्यांना अनेक वेळा तुरुंगवास घडला.

शहराचा कारभार

१९४० साली हनुमंतय्या बंगळूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. मुख्यमंत्रिपदाच्या झगमगाटात त्यांच्या चरित्रातील हे पान सहसा झाकले जाते. आम्हांस मात्र ते फार महत्त्वाचे वाटते.

वाचकहो, बंगळूर हे नाव आपल्या इतिहासाशीही जोडलेले आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेली ही पेठ १६३८ साली विजापूरकरांनी जिंकली आणि ती शहाजीराजांच्या जहागिरीत आली. पुढे इंग्रजांनी १८०९ मध्ये पेठेच्या शेजारी आपली लष्करी छावणी वसवली, आणि तेव्हापासून येथे एका नावाची दोन गावे नांदू लागली. एक म्हैसूरच्या महाराजांचे, दुसरे इंग्रजांच्या अमलाखालचे. १८६२ मध्ये नगरपालिकाही दोन स्थापन झाल्या. पेठेच्या बाजूस दाट वस्ती, विणकरांचे माग, धान्याचे बाजार आणि अरुंद गल्ल्या. छावणीत रुंद रस्ते, बंगले आणि बागा. हनुमंतय्या अध्यक्ष झाले ते अर्थातच महाराजांच्या हद्दीतील शहराच्या नगरपालिकेचे.

अशा शहराच्या कारभारात प्रतिष्ठेपेक्षा डोकेदुखीच अधिक असते. १८९८ च्या प्लेगने बंगळूरला गटारांचे व मोकळ्या हवेचे महत्त्व फार कठोरपणे शिकवले होते. नदीकाठी नसलेल्या या शहराला पाण्याची चिंता कायमचीच. १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावातून आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून पाणी आणले, तरी लोकवस्ती त्याच्याही पुढे धावत राहिली. १९४१ च्या शिरगणतीत दोन्ही भाग मिळून सुमारे चार लाख माणसे होती. दहा वर्षांनी तो आकडा पावणेआठ लाखांच्या घरात गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने विमानांचा कारखाना येथे काढला तो याच सुमारास, १९४० च्या डिसेंबरात. महायुद्धामुळे छावणीत सैन्याची वर्दळ वाढली होती. कामाच्या शोधात खेड्यांतून माणसे येत होती, आणि त्या प्रत्येकास राहण्यास जागा, पिण्यास पाणी व चालण्यास रस्ता हवा होता.

वकिलास नगरपालिकेत काय शिकावयास मिळते? न्यायालयात तो एका पक्षाची बाजू मांडतो. नगरपालिकेत त्याला दोन्ही पक्षांचे ऐकून निर्णय द्यावा लागतो, आणि तो निर्णय उद्या सकाळी रस्त्यावर सर्वांना दिसतो. न्यायालयात फिर्याद करणारा एखादा असतो. येथे प्रत्येक घर फिर्यादी असते. आपल्याकडेही हे उदाहरण नवे नाही. फिरोजशहा मेहता बॅरिस्टर होते आणि मुंबई महापालिकेच्या घडणीत त्यांचा वाटा सर्वमान्य आहे. साहित्यसम्राट न. चिं. केळकर हे वकील होते आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे दार किंचित उघडले, तेव्हा त्यातून प्रथम आत शिरले ते बहुतांशी वकीलच. स्वराज्य मिळण्यापूर्वी स्वराज्य चालवण्याची तालीम या मंडळींना मिळाली ती दिव्यांच्या खांबांच्या, गटारांच्या आणि घरपट्टीच्या वादांत.

हनुमंतय्या यांची ही तालीम दोन वर्षे चालली. १९४२ मध्ये 'चले जाव' ची हाक आली. म्हैसूर संस्थानातही कारखान्यांतील कामगार व विद्यार्थी बाहेर पडले, शिमोगा जिल्ह्यातील ईसूर या खेड्याने तर स्वतःस स्वतंत्र घोषित केले. हनुमंतय्या यांनी अध्यक्षपदाची खुर्ची सोडून तुरुंगाची वाट धरली.

घटनेच्या मसुद्यापुढे एक खेडूत वकील

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला. म्हैसूरच्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धतीसाठी मात्र पुन्हा एक लढा द्यावा लागला. 'म्हैसूर चलो' हे त्याचे नाव. ऑक्टोबरमध्ये चेंगलराय रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली लोकांचे पहिले मंत्रिमंडळ आले. प्रतिनिधी सभेत काँग्रेस पक्षाचे नेतृत्व केलेले हनुमंतय्या पुढे म्हैसूरचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या घटना समितीत गेले.

तेथे त्यांनी केलेले एक भाषण घटनेच्या इतिहासात आजही आठवले जाते. १९४९ च्या नोव्हेंबरात, घटनेचा मसुदा अखेरच्या वाचनासाठी समोर असताना, ते उठून म्हणाले की, आम्हांला हवा होता वीणेचा किंवा सतारीचा नाद, पण ऐकू येत आहे ते इंग्रजी बँडचे संगीत. मसुदा करणाऱ्यांचे शिक्षणच तसे झाले आहे, त्याला ते काय करणार, असाही त्यांचा रोख होता. घटनेची कलमे परकीय नमुन्यांवर बेतली आहेत आणि गांधीजींच्या कल्पनेतील खेड्याला तीत पुरेसे स्थान नाही, ही त्यांची तक्रार होती.

ही तक्रार सर्वांना मान्य होण्यासारखी नव्हती. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच सभागृहात वर्षभर आधी कठोर उत्तर दिले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे व जातीयतेचे घर, हा त्यांचा अनुभव होता आणि तो कोट्यवधी दलितांचा अनुभव होता. आज मागे वळून पाहता बाबासाहेबांच्या बाजूचे वजन आपल्या ध्यानी येते. तरीही हनुमंतय्या यांच्या मनातली खंत समजून घेण्यासारखी आहे. नव्या राज्याचे रूप लोकांना आपले वाटले पाहिजे, एवढाच तिचा गाभा होता. ती खंत त्यांच्या मनातून गेली नाही. तीन वर्षांनी तिने दगडाचे रूप घेतले.

ग्रॅनाइटमध्ये उतरलेला हट्ट

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, ३० मार्च १९५२ रोजी, हनुमंतय्या म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले. विधिमंडळाला तेव्हा स्वतःचे घर नव्हते. त्याच्या बैठका अठरा कचेरीत होत. नव्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १३ जुलै १९५१ रोजी बसवण्यात आली होती. पण त्या वेळचा आराखडा साधा होता.

हनुमंतय्या स्वतः एक गोष्ट सांगत असत. रशियाचे एक सांस्कृतिक शिष्टमंडळ बंगळूरला आले होते. त्यांना शहरातील प्रमुख इमारती दाखवीत असता पाहुणे पुन्हा पुन्हा विचारू लागले की, तुमचे स्वतःचे असे वास्तुशिल्प काही नाही काय? दाखवलेल्या इमारती साऱ्या युरोपीय धर्तीच्या होत्या. हा प्रश्न त्यांना झोंबला. त्यांनी जुना आराखडा बाजूस सारला आणि सरकारी वास्तुशास्त्रज्ञ व अभियंते बी. आर. माणिकम यांच्याकडून नवा करवून घेतला. दक्षिणेतील मंदिरांची शैली हा त्याचा मुख्य आधार होता.

मग सुरू झाले ते काम केवढे होते, याची कल्पना आपणांस काही आकड्यांवरून येईल. इमारत सातशे फूट लांब व साडेतीनशे फूट रुंद. पूर्वेकडील रुंद पायऱ्या चढून गेल्यावर ग्रॅनाइटचे बारा खांब, प्रत्येक चाळीस फूट उंच. मधल्या घुमटाचा व्यास साठ फूट आणि त्यावर अशोकस्तंभाचे सिंह. बहुतेक दगड बंगळूरच्या आसपासचाच. शोभेच्या कामासाठी मागडीचा गुलाबी व तुरुवेकेरेचा काळा पाषाण वापरला. दगड घडवणारे व लाकूड कोरणारे कारागीर सुमारे दीड हजार, तर मजूर पाच हजारांच्या आसपास, आणि त्यांत तुरुंगातील कैदीही होते. मंत्रिमंडळाच्या सभागृहास चंदनी लाकडाचे कोरीव दार बसवण्यात आले. ज्या पाथरवटांच्या घराण्यांना मंदिरांची कामे मिळेनाशी झाली होती, त्यांच्या हातांना यामुळे पुन्हा काम मिळाले. खर्च झाला पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक.

हा शेवटचा आकडा आज लहान वाटेल. त्या काळी तो फार मोठा होता. ज्या राज्यात हजारो खेड्यांना विहीर व शाळा हवी आहे, त्या राज्याने एका इमारतीवर एवढा पैसा ओतावा काय, असा प्रश्न विचारला गेला आणि तो गैर नव्हता. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. पुढे त्याची चौकशीही झाली. हनुमंतय्या यांचा स्वभाव हट्टी. एकदा मनाने घेतले की सहकाऱ्यांची नाराजी ते फारशी मोजत नसत. त्यांचे समर्थक यास तडफ म्हणत, तर विरोधक एकाधिकार म्हणत. वाचकांनी दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. लोकांचा पैसा खर्च करणाऱ्याने लोकांच्या प्रश्नांस उत्तर दिलेच पाहिजे. देवाचे काम म्हटल्याने ते दायित्व कमी होत नाही, उलट वाढते.

आपल्याच माणसांच्या विरुद्ध

परंतु हनुमंतय्या यांच्या आयुष्याची खरी कसोटी या इमारतीने पाहिली नाही. ती पाहिली राज्याच्या सीमांच्या प्रश्नाने.

कन्नड भाषक तेव्हा म्हैसूर, मुंबई, मद्रास, हैदराबाद व कूर्ग अशा अनेक राज्यांत विभागलेले होते. या सर्वांचे एक राज्य व्हावे ही मागणी उत्तरेकडील जिल्ह्यांत जुनी व प्रबळ होती. जुन्या म्हैसूरमध्ये मात्र या कल्पनेचे स्वागत नव्हते. कारण उघड होते. म्हैसूरचा कारभार शिस्तीचा, तिजोरी भरलेली, वीज व शिक्षण यांत राज्य पुढे गेलेले. मागासलेले जिल्हे जोडले तर आपला पैसा तिकडे जाईल, ही एक भीती. दुसरी भीती उघडपणे कमी व खाजगीत अधिक बोलली जाई. जुन्या म्हैसूरमध्ये वक्कलिग समाजाचे राजकीय वजन मोठे होते. विस्तारलेल्या राज्यात लिंगायत समाजाची संख्या वाढणार होती. सत्तेचा तराजू दुसऱ्या बाजूस झुकणार, हे सर्वांस दिसत होते.

हनुमंतय्या हे वक्कलिग, जुन्या म्हैसूरचे आणि सत्तेवर असलेले. एकीकरणात त्यांचा व्यक्तिशः काहीही लाभ नव्हता, तोटा मात्र निश्चित होता. तरीही त्यांनी एकीकरणाची बाजू घेतली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, तेव्हा बळ्ळारी जिल्ह्यातील सात तालुके म्हैसूरला मिळाले आणि एकीकरणाचे पहिले पाऊल पडले. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने कन्नड भाषकांच्या एका राज्याची शिफारस केली. स्वपक्षातील व स्वतःच्या प्रदेशातील विरोध पत्करून हनुमंतय्या आपल्या मतावर ठाम राहिले.

याच पुनर्रचनेतून बेळगाव व सीमाभागाचा प्रश्न उभा राहिला. तो मराठी वाचकाच्या मनात आजही ताजा आहे. त्याची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. येथे पाहावयाचे ते एवढेच की, लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारांच्या, आपल्या जातीच्या व आपल्या खुर्चीच्या सोयीपेक्षा स्वतःस पटलेले तत्त्व मोठे मानावे काय, या प्रश्नास हनुमंतय्या यांनी कृतीने उत्तर दिले.

किंमत लगेच मोजावी लागली. पक्षांतर्गत विरोध वाढत गेला. सहकाऱ्यांशी झालेले खटके, इमारतीचा खर्च आणि एकीकरणाचा राग यांची त्यात भर पडली. पक्षातील आमदारांचा विश्वास उडाला आणि १९ ऑगस्ट १९५६ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. कडिदाळ मंजप्पा अडीच महिन्यांपुरते त्या जागी आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विस्तारित म्हैसूर राज्य अस्तित्वात आले आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले निजलिंगप्पा, पुण्याच्या त्याच महाविद्यालयाचे सहा वर्षे आधीचे विद्यार्थी. विधानसौध त्याच वर्षी पुरा झाला होता. ज्या राज्यासाठी हनुमंतय्या यांनी पद पणास लावले व ज्या राज्याला शोभेल अशी वास्तू उभी केली, त्या राज्याचा कारभार तेथून सुरू झाला तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर ते नव्हते.

उत्तरायुष्य

हा पराभव त्यांनी शेवटचा मानला नाही. १९६२ मध्ये बंगळूरमधून ते लोकसभेत गेले. केंद्र सरकारने जानेवारी १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासन सुधारणा आयोग नेमला, त्यात ते सभासद होते. लोकपाल व लोकायुक्त नेमावेत, ही शिफारस याच आयोगाने त्या वर्षी केली. १९६७ मध्ये मोरारजीभाई उपपंतप्रधान झाल्यावर आयोगाची धुरा हनुमंतय्या यांच्याकडे आली. आयोगाने एकंदर वीस अहवाल दिले. महाराष्ट्राने लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्ये केला आणि ही संस्था प्रत्यक्ष सुरू करणारे ते पहिले राज्य ठरले. कर्नाटकाचा कायदा १९८४ चा, आणि लोकपालाचा केंद्रीय कायदा होण्यास तर २०१३ साल उजाडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या गृहस्थाच्या खर्चाची एकेकाळी चौकशी झाली, तोच पुढे मंत्र्यांवरील तक्रारींची निःपक्षपाती चौकशी करणारी यंत्रणा सुचविणाऱ्या आयोगात बसला. चौकशीच्या झळा सोसलेल्या माणसाने चौकशीच नको म्हणावे, हे स्वाभाविक झाले असते. त्या आयोगाने मात्र चौकशी हवीच असे सांगितले, आणि ती सत्ताधाऱ्यांच्या हाती असू नये असेही सांगितले. वकिलीच्या पहिल्या धड्याशी हे सुसंगतच होते.

१९७१-७२ मध्ये ते केंद्रात रेल्वेमंत्री होते. १९७७ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, आणि १ डिसेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ मध्येच कर्नाटक झाले होते. आज बंगळूरचा एक मोठा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि विधानसौधाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे.

आपल्यासाठी

पुतळे व रस्ते यांत माणूस सापडत नाही, हे खरे. हनुमंतय्या यांना शोधायचे तर त्या दोन समोरासमोरच्या इमारतींच्या मधोमध उभे राहावे. एका बाजूस न्यायाचे घर, जेथे सत्तेला प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या बाजूस प्रतिनिधींचे घर, जेथे सत्तेने उत्तर द्यावयाचे असते. त्यांचे अवघे आयुष्य या दोन घरांच्या मध्ये गेले.

त्यांच्या सर्व कृती आपणांस पटाव्यात असा आग्रह नाही. इमारत भव्य असावी की साधी, यावर घरातल्या घरात वाद होऊ शकेल, आणि व्हावाही. परंतु ज्या तरुणाने पेठेतील पाण्याचे व गटारांचे प्रश्न कमी प्रतीचे मानले नाहीत, त्यालाच पुढे राज्याचे घर बांधता आले, ही गोष्ट विसरू नये. आपल्या गावच्या नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आपण तिला किरकोळ समजतो. चांगली माणसे तिकडे फिरकत नाहीत, आणि मग कारभाराची तक्रार करीत आपण पाच वर्षे काढतो. पुढच्या वेळी असे होऊ देऊ नका. घरातील शिकलेल्या मुलामुलींना एकदा तरी नगरपालिकेची सभा ऐकण्यास घेऊन जा. तेथील वाद कदाचित कंटाळवाणे वाटतील. तरीही त्यांना तेथे शेवटपर्यंत बसू द्या, आणि घरी परतताना वाटेत कोणता नळ कोरडा आहे व कोणता दिवा बंद आहे, हे त्यांनाच पाहू द्या.